तोब्रुकमधली २/५ : ऑस्ट्रेलियन की मराठा?

कोथरूडकर
पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी तोब्रुकचा (लिबियातलं बंदर, दुसऱ्या महायुद्धातली रणभूमी) फलक करतोय. एका नोंदीत जानेवारी १९४१ ला २/५ ने तोब्रुक घेतलं, दुसरीत जून १९४२ ला २/५ तिथेच कैद झाली. पलटण एकच का? १९४१ च्या जर्मन-इटालियन वेढ्यातही तीच होती का?

पलटणवाचक
दोन वेगळ्या पलटणी. २/५ मराठा म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. ऑस्ट्रेलियन २/५ मध्ये बटालियनचा क्रमांक ५ आहे. आधीचा २ म्हणजे दुसरी एआयएफ (ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स), १९३९ पासून परदेशी लढायला उभारलेली स्वयंसेवक फौज. जुने क्रमांक मिलिशियाच्या (देशाच्या रक्षणासाठीच्या फौजेच्या) पलटणींकडे होते, म्हणून ही खूण. रेजिमेंटचा इथे संबंधच नाही.

ऑस्ट्रेलियन २/५ व्हिक्टोरिया राज्यातली, ६व्या डिव्हिजनच्या १७व्या ब्रिगेडमध्ये. ३ ते ५ जानेवारी १९४१ बार्दिया (हेही लिबियातलंच), २१-२२ जानेवारी तोब्रुक, एप्रिलमध्ये ग्रीस, मग सीरिया. म्हणजे एप्रिलला वेढा पडला तेव्हा ती तोब्रुकमध्ये नव्हतीच. वेढ्यात मुख्यतः ९वी डिव्हिजन, जोडीला ७व्या डिव्हिजनची १८वी ब्रिगेड. बाकी ऑस्ट्रेलियन पलटणी ऑक्टोबरपर्यंत काढून घेतल्या; २/१३ मात्र वेढा उठेपर्यंत राहिली. फलकावर हे नाव हवंच.

२/५ मराठा ११व्या भारतीय ब्रिगेडमध्ये, तटबंदीच्या आग्नेय भागात. २० जून १९४२ ला जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य घाव तिच्याच मोर्च्यावर पडला, २१ला तोब्रुक पडलं. एवढ्या मोठ्या माऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या पलटणीचं नाव पुण्यातल्या फलकावर चुकायला नको. ‘२/५’ एवढंच लिहू नका. ‘२/५ मराठा’ आणि ‘२/५ ऑस्ट्रेलियन’ असं पूर्ण लिहा.

कोथरूडकर
मग पापुआतल्या कोकोडा वाटेवर लढलेल्या ऑस्ट्रेलियन ३९व्या बटालियनला २/ का नाही?

नकाशेवाला
कारण ती मिलिशिया. मिलिशियाला ऑस्ट्रेलिया आणि तिच्या ताब्यातल्या प्रदेशाबाहेर पाठवता येत नव्हतं, पण पापुआ ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात होता. म्हणून जुलै १९४२ मध्ये जपानी उतरल्यावर सुरुवातीच्या लढाईत ३९व्या बटालियनला उतरावं लागलं. ऑगस्टच्या अखेरीस त्याच वाटेवरच्या इसुरावाला तिच्या मदतीला २/१४ आणि २/१६ आल्या, या एआयएफच्या. ‘२/३९’ असं कुठे दिसलं तर ती चूकच.

सैनिकाच्या क्रमांकावरूनही ताळा होतो. व्हीएक्स म्हणजे व्हिक्टोरियातून एआयएफमध्ये भरती, एनएक्स न्यू साउथ वेल्स, क्यूएक्स क्वीन्सलंड. नुसतं व्ही असेल तर मिलिशिया. मिलिशियातून एआयएफमध्ये गेलेल्याला नवा क्रमांक मिळे, म्हणून एकाच माणसाचे दोन क्रमांक सापडतात. दोन माणसं समजून मोजू नका.

पलटणींच्या वॉर डायऱ्या (युद्धकाळातल्या रोजच्या नोंदी) ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या एडब्ल्यूएम५२ या मालिकेत स्कॅन करून ठेवल्यात, पायदळ ८/३ खाली. तिथला ८/३ हा फक्त फायलीचा वर्गांक. तो पलटणीचा क्रमांक समजून उतरवू नका.