मदत हवी आहे : भिंतीतील ओल नेमकी कुठून येते हे कसे शोधावे?

नमस्कार. आम्ही नेरुळमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलामागील भिंतीचा रंग गेले तीन पावसाळे पापुद्रे धरून सुटतो आणि त्याखाली मिठासारखा पांढरा क्षार फुलून येतो. मागच्या दिवाळीत मी रजा काढून ती भिंत खरवडली, पुट्टी भरली आणि प्रायमरवर रंगाचे दोन हात दिले. मुलीनेही पॉलिश पेपर घासून मदत केली होती, त्यामुळे जुलैत तोच डाग पुन्हा उमटला तेव्हा आम्हा दोघांनाही फार वाईट वाटले.

या भिंतीचा बराचसा भाग पश्चिमेला उघडा आहे, तर एक टोक न्हाणीघराला लागून आहे. बाहेरच्या तड्यांतून पाऊस मुरत असेल तर सोसायटीकडे अर्ज करावा लागेल, आणि न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल तर फरशी मलाच उकरावी लागेल. म्हणून आधी कारण निश्चित करायचे आहे. डाग एप्रिल-मेमध्ये पूर्ण सुकतो, त्यामुळे माझा संशय पावसावरच अधिक आहे.

न्हाणीघराची जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून पाहणार आहे, परंतु भिंतीत दडलेल्या नळाची गळती त्यातून कळणार नाही. ती तोडफोड न करता कशी तपासावी? तसेच बाहेरची दुरुस्ती होण्यापूर्वी आतून वॉटरप्रूफिंग केल्यास ओल कोंडून प्लास्टर फुगते का? कृपया स्वतःचा अनुभव सविस्तर लिहावा.