किलिमांजारो पुन्हा चढायचाय, मार्ग कोणता घ्यावा?

मागच्या वेळी मचामे मार्गाने गेलो होतो. बराफू या शेवटच्या कॅम्पवरून मध्यरात्री निघालो, पण ज्वालामुखीच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटच्या (५,७५६ मीटर) खालीच उलट्या सुरू झाल्या आणि गाईडने सरळ परत फिरवलं. त्याचं बरोबरच होतं म्हणा. पाण्याच्या पिशवीची नळीसुद्धा गोठून कडक झाली होती!

आता किलिमांजारोचं सर्वात उंच टोक, ५,८९५ मीटरचं उहुरू शिखर गाठायचंच आहे. लेमोशो या दुसऱ्या मार्गाचा ८ दिवसांचा कार्यक्रम घ्यावा म्हणतोय. लाव्हा टॉवर या उंच खडकापर्यंत चढून खाली बरांको कॅम्पला झोपणं दोन्ही मार्गांवर आहेच. मग जास्तीच्या दिवसांनी विरळ हवेची सवय व्हायला खरंच फरक पडतो का? डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं) डॉक्टरांना विचारेन. शेवटच्या रात्री पोटात काय टिकतं, ते मात्र जाऊन आलेल्यांनीच सांगा.