हलका मिररलेस की जड डीएसएलआर? नान्नजच्या माळावर काय चालतं

माळभटक्या
स्पष्टच बोलतो, सोलापूरच्या पक्षीवाल्यांनी आता तीन किलोचं ओझं गळ्यातनं उतरवावं. मित्राचा कॅनन आर ७ हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि आरएफ १००-४०० मिमी लेन्स घेऊन सध्या नान्नजला, म्हणजे सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, फिरतोय, दोन्ही मिळून सव्वा किलो. माझा आरशाचा डीएसएलआर निकॉन डी ५०० अन् २००-५०० लेन्स तीन किलोच्या वर जातो, ट्रायपॉड वेगळाच. डोंबारी या चंडोलासारख्या छोट्या पक्ष्याचा नर बघितलाय ना, वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, परत वर, तेवढ्यात जड लेन्स डोळ्याला लावेपर्यंत तो ढेकळात गायब होतो. हलका कॅमेरा हातातच असतो अन् फोकस सरळ पक्ष्याच्या डोळ्यावर बसतो. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, मग ४०० ला एफ ८ आहे, म्हणजे लेन्स उजेड कमी घेते, म्हणून एवढं काय घाबरायचं?

हिप्परगा_काठ
दादा, उन्हाला तोटा नाही हे दुपारचं झालं, पण दुपारी माळावर फोटो निघतो कुठं? तापलेल्या जमिनीवरनं हवा थरथरते, लांबचा पक्षी कुठल्याही लेन्सनं पुसटच येतो. खरं काम सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना. हिवाळ्यात भोवत्या (शिकारी पक्षी) संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात, तेव्हा उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंदाचा शटर तरी पाहिजे. २००-५०० च्या एफ ५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर भागतं तिथं एफ ८ ला ६४०० लागतो, फोटोत दाणे (नॉइज) वाढतात, म्हणजे छातीवरच्या रेघा गेल्याच, नुसता तपकिरी डाग राहतो. मी २००-५०० सोडणार नाही.

जुळे_सोलापूरकर
हिप्परगाभाऊ, तुमचं गणित बरोबर आहे पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या खांद्याचं पण बघा की. जड लेन्समुळं माझा कॅमेरा कपाटातच राहायचा, आता हलका घेतल्यापासून रोज सकाळी संभाजी तलावावर जातोय. थोडा नॉइज येतो, येऊ दे, सॉफ्टवेअरनं बराच निघतो.

कापशी
माझा विरोध वजनाला नाही, इलेक्ट्रॉनिक शटरला (पडदा न हलवता नुसता सेन्सर वाचून फोटो घेणं) आहे. आर ७ मध्ये प्री-शूटिंग आहे, बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंद पण साठवतो, नीलपंख तारेवरनं उठतानाचा क्षण सापडतो म्हणून सगळे खुश. पण ते फक्त इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं, आणि त्याचा सेन्सर वरपासनं खालपर्यंत वाचायला वेळ घेतो म्हणून जोरात फडफडणारे पंख वाकडे येतात. नीलपंखाचा पंख वाकडा आला तर तो फोटो मी तरी ठेवत नाही. मेकॅनिकल (खरा पडदा हलणाऱ्या) शटरवर सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, तेवढे भरपूर झाले, प्री-शूटिंगवर भाळून कोणी कॅमेरा घेऊ नका.

माळभटक्या
@कापशी हे पटलं, उडत्या पक्ष्याला मी पण मेकॅनिकलच लावतो. पण संध्याकाळच्या तासाभरासाठी उरलेला अख्खा दिवस तीन किलो वागवायचे हे मला अजून पटत नाही.

हिप्परगा_काठ
तो तासाभराचाच तर फोटो असतो हो!

गवताळ
तुम्ही सगळे लेन्सवर बोलताय, मला पक्ष्यांची जास्त काळजी वाटते. जड लेन्सवाला बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) टाकून गाडीत बसतो, आपली गाडी उभी असली की पक्षी हळूहळू जवळ येतात. हलका कॅमेरा हातात आला की माणूस चालत सुटतो, ४०० कमी पडतंय म्हणून अजून चार पावलं पुढं, अजून चार. उन्हाळ्यात धाविक अन् टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आणि पक्षी उठला तर ४० डिग्रीच्या उन्हात ती अंडी उघडी पडतात. १९७९ साली हे माळढोकांसाठी अभयारण्य झालं, आता माळढोक दिसणं किती मुश्किल झालंय ते इथं सगळ्यांना माहिती आहे. कॅमेरा हलका घ्या नाहीतर जड घ्या, पण मार्च ते जून गाडीतनं खाली उतरू नका, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर गाडी पण मागं घ्या.