नेत्याच्या अंगणातला आमचा शेंद्र्या आंबा वाचवायचा कसा?

धुऱ्यावरचा (आर्वी, जि. वर्धा)
राम राम मंडळी. १९९४ साली आमच्या गावाला पाझर तलाव मिळाला. त्यासाठी भाऊंनी, म्हणजे आमच्या भागाच्या नेत्यांनी, लय खेटे घातले. हारतुरे त्यांना आवडत नसत, म्हणून अकरा घरांनी त्यांच्या अंगणात एकेक झाड लावून दिलं. बाबांनी धुऱ्यावरच्या शेंद्र्या आंब्याचं स्वतः बांधलेलं भेटकलम (रोप आणि झाडाची फांदी एकमेकांना जोडून केलेलं कलम) दिलं. डालड्याच्या डब्यात, भोवती ओलं पोतं. सायकलच्या दांडीवर मी आणि मांडीवर तो डबा. पत्र्याची कड रुतत होती, पण बाबा म्हणाले, "हलू नको, सांधा निखळंल."

भाऊ आता नाहीत. मुलगा कुंपणाची भिंत बांधतोय, आंबा आडवा येतो. आमच्या वावरातलं मूळ झाड वादळात पडलं, त्यामुळे शेंद्र्या तेवढा एकच उरला. कोयी लावून पाहिल्या, ती चव नाही. काय करू?

तलाठ्याचा पोरगा
खेड्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. आंबा, मोह, चिंच, जांभूळ त्याच्या यादीत आहेत. जागा स्वतःची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण आधी तक्रार नको, घरी जाऊन बोला.

गुरुजी, पुलगाव
२०१८ मध्ये फ्रान्सच्या मॅक्रॉननी ट्रम्पना ओकचं रोप दिलं, व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर दोघांनी लावलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक जिथं पडले, त्या बेलो रानातलं. पुढे कीड-रोग पसरू नये म्हणून ते उपटून विलगीकरणात ठेवलं, तिथं मेलं, तेव्हा मॅक्रॉन म्हणाले, दुसरं पाठवतो. झाड गेलं तरी वंश ठेवता येतो. तुम्ही ते आताच करा.

कलमवाला
कोयकलम करा, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर शेंद्र्याची काडी बांधा. जुलै-ऑगस्ट हाच हंगाम. कुठल्याही गावरान कोयी वाळूत रुजवा. पानं तांबूस असतानाच, आठ-दहा दिवसांचं रोप घ्या. शेंद्र्याची तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची काडी निवडा. तिची पानं देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी कापा, डोळे फुगतात. मग रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्या, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्यात बसवा आणि प्लॅस्टिक पट्टीनं घट्ट बांधा. निदान वीस तरी बांधा, सगळी लागत नाहीत. हात बसला नसेल तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

धुऱ्यावरचा
काल भाऊंच्या मुलाकडे गेलो. डब्याची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. पोळ्यापर्यंत झाडाला हात लावत नाही म्हणाला, आणि एक कलम स्वतःसाठी मागितलं. आज सकाळी शिडी लावून पंचवीस काड्यांची पानं कापली. कोयी आईनं रुजत घातल्यात.