सासऱ्यांसाठी मिस्सा, आई म्हणते काय उपयोग. मेल्यावर न्याय नक्की कधी होतो?

नगरची_लेक
नमस्कार मंडळी, मी मूळची नगरची, माहेर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचं, लग्न झालं कॅथलिक घरात, आता वडगावशेरीला असतो. यंदा गणपतीच्या सुमारास सासरे गेले. आता 2 नोव्हेंबर, म्हणजे कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, आला म्हणून सासूबाईंनी फादरना सांगून पप्पांच्या (सासऱ्यांच्या) नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवलीये, नंतर कबरस्तानात फुलं-मेणबत्त्या वगैरे. मला काहीच अडचण नाही पण आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं माणूस गेला की न्याय झाला, बायबलातलं इब्री 9:27 काढून वाच, आता प्रार्थना करून कुणाचं काय बदलणार, करायची ती जिवंतपणी. सासूबाईंसमोर हे बोलायची सोय नाही. पण मला खरंच कळत नाहीये, न्याय लगेच होत असेल तर शेवटच्या दिवशी परत कसला न्याय? आणि लगेच होत नसेल तर पप्पा आत्ता आहेत कुठे? भांडण नकोय, आपापल्या चर्चमध्ये काय शिकवतात तेवढं सांगा.

कॅम्पातला_कॅथलिक
ताई आमच्याकडे दोन्ही न्याय आहेत. माणूस मेला की लगेच त्याचा एकट्याचा न्याय होतो आणि तो कुठे जाणार ते तिथेच ठरतं, स्वर्ग, शुद्धिस्थान किंवा नरक. मग जगाच्या शेवटी ख्रिस्त परत येतो, मेलेले उठतात, शरीरासकट, आणि सगळ्यांचा एकत्र न्याय होतो. त्या दिवशी आधीचा निकाल फिरत नाही, पण एकेकाच्या बऱ्यावाईटाचा जगावर काय परिणाम झाला ते सगळ्यांसमोर उघड होतं. कारण माणसाने केलेलं तो मेला म्हणून संपत नाही ना, कुणी एखाद्याची जमीन लाटली तर त्याची नातवंडंपण भोगतात.

आता शुद्धिस्थान. लोकांना वाटतं ही नापासांची एटीकेटी आहे, अर्ध्या-कच्च्या माणसांना दुसरा चान्स. तसं अजिबात नाही, तिथे जातो तो पासच झालेला असतो, त्याचा स्वर्ग पक्का, फक्त देवासमोर उभं राहण्याआधी जी मलिनता उरलीये ती जायची असते. मिस्सा त्यासाठी. नरकात गेलेल्यासाठी मिस्सा चालत नाही आणि स्वर्गात पोचलेल्याला गरज नाही. आणि पोप जॉन पॉल दुसरे 1999 साली बुधवारच्या प्रवचनांमध्ये स्पष्ट बोललेत की स्वर्ग-नरक म्हणजे नकाशावरची जागा समजू नका, देवाशी नातं कसं आहे त्याची अवस्था आहे ती. त्यामुळे पप्पा 'कुठे' आहेत याला पत्ता नाही देता येणार.

गुरुवार_पेठ_पंचहौद
आईंचं बरोबर आहे पण त्यांनी वचन थोडं जास्त ताणलंय. इब्रीत एवढंच आहे की माणसाला एकदा मरायचंय आणि त्यानंतर न्याय. त्यानंतर म्हणजे पाच मिनिटांनी की युगाच्या शेवटी, तिथे लिहिलेलं नाही.

बाकी शुद्धिस्थान आपण प्रोटेस्टंट लोक मानत नाही हे खरं. कॅथलिक लोक 2 मक्काबी 12 दाखवतात, तिथे युद्धात मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि अर्पण आहे, पण ते पुस्तक आपल्या बायबलात नाहीच. आणि 1517 ला प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर भडकला तो कशावरून, शिक्षा माफ होते म्हणून क्षमापत्रं विकत होते त्यावरून. पुढे 1563 ला कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने शुद्धिस्थान कायम ठेवलं पण त्यातला पैशाचा आणि अंधश्रद्धेचा धंदा बंद करा असंही बिशपांना बजावलं, हे आपल्याकडचे लोक सांगत नाहीत. आपलं म्हणणं साधं आहे, तारण कृपेने, ख्रिस्ताने वधस्तंभावर केलं ते पुरेसं आहे, वर काही फेडायचं उरत नाही. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज म्हणजे आज. त्या चोराचं कुठलं शुद्धीकरण झालं?

पण शेवटचा न्याय आपणही मानतोच, दर रविवारी मतांगीकारात (आपण काय मानतो ते सांगणाऱ्या पाठात) म्हणतो की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. आणि मत्तय 25 वाचलंत तर तिथे कोण कुठल्या चर्चचा हे विचारतच नाहीत. भुकेल्याला जेवण दिलं का, तुरुंगात भेटायला गेलात का, हे विचारतात. मला स्वतःला तो अध्याय शुद्धिस्थानापेक्षा जास्त घाबरवतो.

सॅलिसबरी_पार्क
मी ॲडव्हेंटिस्ट, हाही ख्रिस्ती पंथच, पण आमचं दोघांपेक्षाही वेगळं. मेलेला माणूस झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही, उपदेशक 9:5 बघा. लाजर मेला तेव्हा येशू पण झोपलाय असंच म्हणाला. त्यामुळे पप्पा आत्ता ना स्वर्गात ना शुद्धिस्थानात, ते थेट पुनरुत्थानाला उठणार, आणि त्यांच्या दृष्टीने मधे वेळ गेलाच नसेल. आणि कायम जळत राहायचा नरक आम्ही मानत नाही, दुष्टांचा शेवटी नाश होतो, विषय संपला.

गुरुवार_पेठ_पंचहौद
मग चोराला 'आज' का म्हणाला?

सॅलिसबरी_पार्क
दादा त्यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचा प्रश्न आहे 🙏

कोथरूडकर
मधेच बोलतो, मी ख्रिश्चन नाही. मला तरी ताईंच्या सासूबाईंचं पटतंय, आमच्याकडे पितृपक्षात वेगळं काय करतो. पण मला सांगा, माझ्यासारख्याचं काय? आम्ही सरसकट खाली का? शाळा कॉन्व्हेंट होती, तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही.

कॅम्पातला_कॅथलिक
सरसकट नाही. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये लिहून ठेवलंय की ज्याला स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळलाच नाही पण जो मनापासून देवाला शोधतो आणि विवेकाला धरून चालतो त्याचं तारण होऊ शकतं. होऊ शकतं म्हटलंय, गॅरंटी नाही, गॅरंटी आम्हालापण नाही. पितृपक्षाशी मात्र तुलना थोडी जपून, इथे पुनर्जन्म नाही आणि आत्म्याला जेवू घालणं नाही, मागणं फक्त देवाकडे.

गुरुवार_पेठ_पंचहौद
आमच्यात यावर एकमत नाही. कडक मंडळी योहान 14:6 पुढे करतात, माझ्याशिवाय पित्याकडे कोणी जात नाही. आमचे पाळक म्हणतात न्यायाधीश तू नाहीस, गप्प बस.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार, निदान एवढं कळलं की शेवटच्या दिवसाबद्दल वाद नाहीच, वाद आहे तो मधल्या काळाचा. आता नवीनच अडचण, आई त्याच आठवड्यात आमच्याकडे येतेय. तिला कबरस्तानात न्यायचं का घरीच थांबवायचं?

गुरुवार_पेठ_पंचहौद
न्या की. फुलं ठेवायला कुठल्याच चर्चची ना नाही. पप्पांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार माना म्हणावं, ती प्रार्थना त्यांनाही अडणार नाही. फक्त मिस्साच्या वेळी कम्युनियनला (पवित्र भाकर घ्यायला, ती कॅथलिकांसाठी असते) उठू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी रांगेत उभ्या राहिल्या की सासूबाई कानकोंड्या होतील.

कॅम्पातला_कॅथलिक
+1, आणि पाण्याची बाटली घेऊन जा, त्या दिवशी कबरींवर आशीर्वाद संपेपर्यंत बराच वेळ जातो.