डॉकबुक सोडायचंय: मराठी हस्तपुस्तिकेसाठी मार्कडाउन, अ‍ॅस्कीडॉक की रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट?

कोपरीकर
आमच्या गटाची एका मुक्त सॉफ्टवेअरची हस्तपुस्तिका डॉकबुक एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावून लिहायच्या पद्धतीत, आहे. लिहिणारे ठाणे ते पनवेल पट्ट्यातले, बरेचसे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मोबाइलवरूनच दुरुस्त्या करतात. एक टॅग बंद करायचा राहिला की अख्खं बिल्ड (हस्तपुस्तिका बनवण्याची प्रक्रिया) पडतं. तक्ते पुष्कळ, काहींत जोडलेले रकाने. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती एंटिटीत, म्हणजे एकदाच लिहून सगळीकडे वापरायच्या लघुनामात, आहे. पॅनडॉकने (दस्तऐवज एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणाऱ्या साधनाने) सरळ रूपांतर करावं का, आणि शीर्षकातल्या तीन साध्या खुणांच्या लेखनपद्धतींपैकी कशात?

घणसोली_टर्मिनल
अ‍ॅस्कीडॉक. त्याची रचना मुळातच डॉकबुकशी जुळणारी आहे. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानेही २०२१ मध्ये हाच रस्ता धरला. मार्कडाउनच्या उभ्या रेघांच्या तक्त्यात जोडलेले रकाने बसत नाहीत, मग मधेच एचटीएमएल घुसडावं लागतं.

पॅनडॉक थेट चालवू नका. आधी प्रत्येक एंटिटीच्या जागी नुसत्या अक्षरांची खूण घाला, उदा. क्षक्षआवृत्तीक्षक्ष. चिन्हं वापरलीत तर पॅनडॉक त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ लावू शकतं. रूपांतरानंतर खुणेच्या जागी महिरपी कंसातलं अ‍ॅट्रिब्युट (अ‍ॅस्कीडॉकमधलं तसंच लघुनाम) आणा. एंटिटी तशाच उलगडू दिल्या तर जुना आवृत्ती क्रमांक शंभर ठिकाणी कायमचा चिकटतो.

एक्सइन्क्लूड, म्हणजे एका एक्सएमएल फाइलीत दुसरी ओढून घेणारी सूचना, पॅनडॉक जोडत नाही. फायली सुट्या रूपांतरित करा आणि मुख्य फाइलीत इन्क्लूडच्या ओळी हाताने लिहा. दुसऱ्या फाइलीकडे जाणाऱ्या संदर्भांना मात्र शीर्षक सापडत नाही, तिथे तीन प्रश्नचिन्हं उमटतात. ती शोधून भरा. आपोआप ओळी मोडणं बंद ठेवा आणि एका ओळीत एकच वाक्य ठेवा, म्हणजे डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) वाचता येतो.

नौपाडा_आरएसटी
मराठीत खरी गोची प्रत्ययांची आहे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये \*\*फाइल\*\*मध्ये लिहिलं तर ठळक होत नाही, कारण शेवटच्या चिन्हानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. मध्ये उलटी तिरकी रेघ आणि एक स्पेस घालावी लागते, आणि नवा माणूस ती हमखास विसरतो. अ‍ॅस्कीडॉकमध्ये एकेरी तारा (* ही खूण) अशाच फसतात, दुहेरी तारा चालतात. मार्कडाउनमध्ये तारा चालतात, अधोरेखा नाही. आणि ठळक मजकुराच्या शेवटी कंस असेल, जसं \*\*फाइल (नवी)\*\*मध्ये, तर मार्कडाउनही हात टेकतं.

स्फिंक्स (रीस्ट्रक्चर्डटेक्स्टवरून हस्तपुस्तिका बनवणारं साधन) मला आवडतं, पण इथे सुचवणार नाही. त्यातल्या रेघांनी आखलेल्या तक्त्यांत काना-मात्रांमुळे डोळ्याला सरळ दिसणारे रकाने प्रोग्रामच्या मोजणीत जुळत नाहीत. यादीच्या रूपातले तक्ते वापरता येतात, पण मोबाइलवर तेही कटकटीचं.

कोपरीकर
अ‍ॅस्कीडॉक ठरलं, दुहेरी तारांचा नियम पहिल्याच पानावर टाकतो. गिटमधला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) इतिहास आणि पीओ फायलींतली (मूळ वाक्य व भाषांतराच्या जोड्यांतली) भाषांतरं यांचं काय?

घणसोली_टर्मिनल
इतिहासासाठी दोन कमिट (बदलांच्या नोंदी) करा. पहिल्यात फक्त फाइलींची नावं बदला, मजकुराला हात नाही, दुसऱ्यात रूपांतर. एकत्र केलंत तर साम्य निम्म्याखाली जातं आणि गिट त्याला नाव बदलणं न मानता जुनी फाइल खोडली, नवी आली असं धरतं. विलीन करताना कमिट एकत्र दाबू नका, नाहीतर सगळं पाण्यात.

पीओमध्ये मूळ वाक्यातल्या खुणा बदलल्या की ते वाक्य संदिग्ध (फझी, म्हणजे भाषांतर तपासायला हवं असं) ठरतं. जुनी पीओ फाइल संदर्भसंग्रह म्हणून एमएसजीमर्जला (पीओ फायली अद्ययावत करणाऱ्या साधनाला) द्या. बहुतेक वाक्यं संदिग्ध म्हणून का होईना परत येतात, मग माणसाने तपासायची. मेनू, बटण, कळ हे वेगळेपण रूपांतरात बहुधा हरवतं, तेही त्याच फेरीत परत घाला.

विभागांच्या जुन्या आयडी (दुव्यात वापरायची ओळखनावं) तशाच ठेवा. शीर्षकावरून नव्या बनू दिल्या तर बाहेरून आलेले दुवे योग्य विभागावर उतरणार नाहीत.