जबाबातलं 'बाहेरचं' कन्नडमध्ये कसं सांगावं?

कागदकारकून
बेळगावात एका वकिलांकडे मराठी कागदांचं कन्नड करून देतो. सध्या खुनाची एक जुनी फाईल आलीय, नावगाव सांगत नाही. खानापूरकडच्या एका साक्षीदार बाईंचा जबाब: "त्याला बाहेरचं होतं. त्या रात्री तो त्याचा नव्हताच." आधीच्या कुणीतरी याचं 'होरगिनवनु' केलंय, म्हणजे परगावचा! आरोपी तर त्याच गल्लीतला. मी 'देव्व हिडिदित्तु', म्हणजे भुतानं धरलं होतं, असं लिहिलं, तर वकील म्हणाले, "बाईंनी भुताचं नावही काढलेलं नाही, तू कुठनं घुसवलंस?" मग बाहेरचं म्हणजे नेमकं काय? भूत, करणी, की नुसतं वेड?

जांबोटीवाला
आमच्यात दवाखान्यात सापडत नाही ते सगळं बाहेरचं. आजी म्हणायची, आधी डॉक्टरला दाखवा, गुण नाही आला तर बाहेरचं बघू. भूत म्हणायचंच नसतं, नाव घेतलं की येतंय म्हणून. बाईंनी नाव काढलं नाही यात नवल काय?

शुद्धमती
प्रमाण शब्द 'बाधा'. 'बाहेरचं' हे निव्वळ बोलीतलं मोघम विशेषण आहे, तेही नामाशिवाय लोंबकळणारं. कोर्टाच्या कागदात असले शब्द येऊच कसे देतात? लिहून घेणाऱ्यानं तिथंच विचारायला हवं होतं.

जांबोटीवाला
ताई, बाईंनी विचारून बोलायचं होतं काय मग? जबाब आहे, निबंध नव्हे. आणि नाम हवं तर 'बाहेरवसा' घ्या, जुन्या कोशात मिळंल.

तात्या_टिळकवाडी
निवृत्त वकील आहे म्हणून मध्ये पडतो. शब्द कुठला यावर कलम फिरतं, तेव्हा घाई नको. फाईल जुनी म्हणजे भारतीय दंड संहिता लागू. (१ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच.) यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

कुणी माणसाला भूत *समजून* मारलं, तर कलम ७९, आताचं १७. वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, पण ती सद्भावानं. ओरिसा उच्च न्यायालयाचा १९६० चा थापा खटला आम्ही सगळे शिकलो. बालासोरकडच्या रसगोविंदपूरला पडीक विमानतळ होता, तिथं भुतं आहेत असा बोभाटा. १९५८ च्या मे महिन्यात एका नेपाळी नोकरानं रात्री लुकलुकता उजेड आणि भोवती आकृत्या पाहिल्या, आणि खुकरी घेऊन तुटून पडला. त्या मोहाची फुलं वेचायला कंदील घेऊन आलेल्या आदिवासी बायका होत्या. एक मेली, इतर जखमी झाल्या. सत्र न्यायालयानं सोडला, सरकारनं अपील केलं, तेही फेटाळलं. जास्त सावध राहिला असता तर टळलं असतं, एवढ्यानं संरक्षण जात नाही, असं न्यायालय म्हणालं. लाहोरला १९२६ मध्येही असाच एक सुटला होता.

पण 'ही करणी करते' *म्हणून* मारलं, तर ७९ नाही. समोर माणूस आहे हे त्याला ठाऊक असतं. विश्वास कितीही खरा असो, फार तर शिक्षेच्या वेळी विचार होतो.

आणि 'मला काही कळतच नव्हतं' म्हटलं, तर कलम ८४, आताचं २२. त्यात नुसतं वेड पुरत नाही. त्या क्षणी आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळण्याची ताकदच नव्हती, हे दाखवावं लागतं, आणि दाखवायचं आरोपीनं.

तुमच्या बाईंचं दुसरं वाक्य ८४ कडं झुकतं. 'देव्व' लिहिलंत तर न्यायाधीश अंधश्रद्धा म्हणून पान उलटतील, 'मनोविकल' लिहिलंत तर सरकारी वकील विचारतील, बाई डॉक्टर आहेत काय?

निपाणीकर७
तात्या झकास! म्हणजे सगळा खेळ 'समजून' आणि 'म्हणून' या दोन शब्दांचा.
पण भाषेत भूत आणि वेड एकच होते हो. 'पिसा' म्हणजे वेडा, आणि तो आला 'पिशाच' वरून. संतांच्या अभंगांत पिसे लागतं ते हेच. कायद्यानं दोन कलमं केली, भाषेनं नाही.

शुद्धमती
असल्या ओढूनताणून व्युत्पत्तींनीच भाषेचं वाटोळं झालंय. मग पिसाळलेलं कुत्रंही पिशाच का?

निपाणीकर७
होय की! तेही त्याच घरातलं. प्राकृतात 'पिसाय' होतं. आता म्हणा, प्राकृतही अशुद्ध.

हलगेकर
कन्नडचं कुणी बघूलालाय काय? माझं शिक्षण कन्नडमधनं झालं. कन्नडमध्ये 'देवरु' म्हणजे देव आणि 'देव्व' म्हणजे भूत. आणि 'गाळी' म्हणजे वारं. कन्नडमध्ये गाळी धरली म्हणजे भुतानं धरलं. मराठीत वारं आलं म्हणजे अंगात देव आला. आपला देव त्यांचं भूत, त्यांचं भूत आपला देव!
आमच्या आत्याला चिंचलीच्या मायाक्काचं वारं यायचं. एका कन्नड मास्तरांना ते सांगितलं तर त्यांनी उतरवायला माणूस सुचवला. आत्या वर्षभर बोलली नाही त्यांच्याशी.

जांबोटीवाला
😂 अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या भाकणुकीला, अंगात वारं येऊन भविष्य सांगतात तिथं, घेऊन जायचं मास्तरांना.

शुद्धमती
वारं देवाचंच असतं असं नाही. कोकणात...

हलगेकर
कोकण कोकणात राहू दे ताई, आपण सीमेवर आहोत.

तात्या_टिळकवाडी
हसण्यावारी नेऊ नका. अंगात देव आला की भूत, याचा कायद्याला फरक नाही, पण ज्यूरी नसली तरी माणसाच्या कानाला आहे. 'देवरु बंदित्तु' म्हटलं की मान डोलते, 'देव्व' म्हटलं की कपाळाला आठी.
मी असतो तर 'बाहेरचं' जसंच्या तसं अवतरणात ठेवून कंसात 'गाळी-सोकु यासारखं काही' एवढंच लिहिलं असतं. सोकु म्हणजे लागण.

निपाणीकर७
म्हणजे अनुवाद न करणं हाच अनुवाद? तात्या, फी घेतली असती काय याची?

शुद्धमती
कंसात दुसरा बोलीशब्द घालून पहिल्या बोलीशब्दाची फोड! छान. 'भूतबाधा' लिहा, दोन्ही भाषांना संस्कृत कळतं.

जांबोटीवाला
पुन्हा भूत! वकिलांनी तेच तर नको म्हटलंय ना वो?

कागदकारकून
सगळ्यांना नमस्कार. वकील तात्यांच्या बाजूचे निघाले, पण पुढच्या पानावर नवीनच घोळ. "तिठ्यावर उतारा ठेवला होता." आधीच्या गृहस्थांनी जमिनीचा उतारा धरलाय, सर्व्हे नंबर कुठाय म्हणून समासात शेराही मारलाय. लिंबू-भात-गुलालाचा उतारा कन्नडमध्ये काय होईल?

हलगेकर
'निवाळि' चालेल काय?

निपाणीकर७
निवाळि म्हणजे ओवाळून टाकणं. उतारा ठेवतात, ओवाळतात नंतर.

जांबोटीवाला
आधी ओवाळतात, मग ठेवतात. तुमच्या निपाणीत उलटं असंल.